उभ्याने चहा आणि उपाशी पोट

आधी पोटोबा, मग विठोबा, अशी आपल्या वाडवडिलांची म्हण आहे. त्यांच्या नातवंडांनी तीत दुरुस्ती केली आहे. आता आधी चहोबा, मग सवड मिळाल्यास पोटोबा, आणि विठोबाने बिचाऱ्याने आषाढीपर्यंत वाट पाहावी, असा क्रम लागला आहे. हा चहोबा मोठा विचित्र देव आहे. त्यास पाट लागत नाही, आसन लागत नाही. एक पाय मोटारीच्या पायरीवर, एक पाय रस्त्यावर, एका हातात डब्याची पिशवी व दुसऱ्या हातात कागदी पेला, अशा थाटात त्याची पूजा होते. भक्ताची जीभ भाजते, पोट रिकामेच राहते, आणि तरीही देव पावला असे समजून भक्त दिवसभर राबावयास निघतो. ह्या देवाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कोणास झोंबले तर आमचा इलाज नाही.

दापोली तालुक्यातील केळशी हे गाव पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. भारजा नदी समुद्रास मिळते तेथल्या खाडीच्या काठी ते वसले आहे. महालक्ष्मीचे देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, नारळीपोफळीच्या वाड्या, आंब्याच्या बागा व मच्छीमारांची वस्ती, असे हे गाव. सुटीत पुण्यामुंबईचा पाहुणा येथे येतो, समुद्राकडे तोंड करून बसतो, आणि अर्धा तास एका कपाशी खेळत चहा पितो. त्यात वाईट काही नाही. माणसाने चहा असाच प्यावा. पण त्याच गावात पहाटे एस. टी.च्या थांब्यावर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. आंब्याच्या बागेत रोजावर निघालेली बाई, होडीवर जाणारा खलाशी, चिऱ्याच्या भिंती बांधणारा गवंडी, तालुक्याच्या शाळेस जाणारे पोर, हे सारे चहा पितात आणि एकही बसलेला नसतो. कोणास विचारावे, न्याहारी केली काय? उत्तर येते, "झाला की चहा!" पूर्वी रस्त्यात माणूस भेटले म्हणजे जेवलास का असे विचारीत. हल्ली चहा झाला का असे विचारतात. प्रश्न बदलला, त्यासरशी उत्तरातून भाकरी निघून गेली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आम्ही चहाचे वैरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. चहाला शिव्या देणारे पुष्कळ झाले. महात्मा गांधींनी १९४२ साली तुरुंगात आरोग्यावर लिहिताना चहा-कॉफीविरुद्ध मत दिले आहे. पण आमच्या बहुजनसमाजावर चहाचे एक मोठे उपकार आहेत. सोवळ्याच्या गडाला ज्या अनेक सुरुंगांनी भगदाडे पडली, त्यांत चहाचा कप हा एक होता. हे नव्या पिढीस माहीत नसते, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पुण्याची. १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास पुण्यातील बरीच बडी मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. मिशनमधील मंडळींनी पाहुण्यांपुढे चहाबिस्किटे ठेवली. कोणी प्याले, कोणी पेला नुसता हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी ह्या गृहस्थांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात हलकल्लोळ उडाला. ख्रिस्त्याचा चहा प्याल्याने धर्म बुडाला किंवा कसे, ह्याचा निवाडा करण्यास प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. मोठमोठ्या विद्वानांना प्रायश्चित्ताच्या गोष्टी बोलाव्या लागल्या, आणि १८९२ साली खुद्द रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव, म्हणजे आमच्याच दापोली तालुक्यातले. एक घोट चहाने केवढ्या पंडितांची झोप उडविली पाहा! एवढ्याशा गरम पाण्यात जो धर्म विरघळतो तो किती पक्का असेल, असा प्रश्न आमच्या कुणब्यामाळ्याच्या मनात तेव्हाच आला असेल.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची, आणि ती आमच्या अधिक जिव्हाळ्याची. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या चाकरीत असलेले महार समाजाचे गृहस्थ. मराठ्यांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला, एवढ्या अपराधाबद्दल त्यांस बेदम मारहाण झाली. शाहू महाराज त्या वेळी गावाबाहेर होते. परत आल्यावर त्यांस हे कळले. त्यांनी मारणारांस शासन केले आणि गंगारामास चाकरीतून मोकळे करून सांगितले की, बाबा, तू आता स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे दुकान काढले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'. दुकान तर निघाले, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराजांनी असा परिपाठ ठेवला की, फेरफटक्यास निघाले म्हणजे गाडी गंगारामाच्या दुकानासमोर थांबवावी आणि चहा मागवावा. आपण प्यावा आणि गाडीत जे कोणी ब्राह्मण, मराठे, सरदार, कारभारी बसले असतील त्यांसही पाजावा. राजाने पुढे केलेला कप नाकारण्याची छाती कोणाची होती? शंभर व्याख्यानांनी झाले नसते ते काम त्या कपाने केले.

वाटेत चहा पिण्याचा ह्याहून मोठा प्रसंग आम्हांस ठाऊक नाही. पण त्यातली एक बाब ध्यानात ठेवा. महाराज घाईत नव्हते. त्यांनी गाडी थांबविली होती.

त्यानंतरचा काळ आठवा. आगगाडीच्या स्टेशनांवर 'हिंदू चहा', 'मुसलमान चहा' अशा आरोळ्या होत. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी कानतुटका कप बाहेर वळचणीला टांगलेला असे. पिणाराने तो आपणच काढावा, आपणच विसळावा आणि परत टांगावा. शेजारच्या महाड गावी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर गेले ते पाण्यासाठी. ते पाणी मोकळे झाल्यावाचून चहा मोकळा कसा होणार? आणि १९२७ नंतरही काम संपले नव्हते, म्हणूनच १९७२ साली बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावे लागले.

आज केळशीच्या थांब्यावर कुणबी, भंडारी, कोळी, बौद्ध, मुसलमान एकाच किटलीतला चहा पितात. ही कमाई थोडी नव्हे. पण एक शंका आमच्या मनात येते ती सांगतो. कपबशी जाऊन कागदी पेला आला, त्यामुळे कोणाचा कप कोणी धुवावा हा प्रश्नच उरला नाही. प्यावे आणि फेकावे. मग शिवाशीव गेली की नुसता कप गेला? ज्यास हे तपासावयाचे असेल त्याने उद्या आपल्या घरी वाड्यावस्तीवरच्या सगळ्या जातींच्या माणसांस बोलवावे, घरातल्या रोजच्या कपांतून चहा द्यावा, आणि मागून ते कप घरात कोण धुतो व कोठे ठेवले जातात ते पाहावे. कागदी पेल्याने कप धुण्याची कटकट वाचविली. मन धुण्याचे काम शिल्लकच आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कष्टकऱ्याच्या तोंडी हा चहा आला कसा? कोकणातला आमचा आजा-पणजा पहाटे उठून पेज पीत होता, नाचणीची भाकरी खाऊन नांगर धरीत होता. चहा त्यास ठाऊक नव्हता. आसामात मळेवाल्या गोऱ्यांनी चहा पिकविला तो साहेबाच्या देशासाठी. १८३९ साली आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला तोदेखील लंडनमध्ये. पुढे माल वाढला आणि मळेवाल्यांची नजर ह्या देशातल्या कोट्यवधी तोंडांकडे वळली. १९०३ साली सरकारने चहावर एक कर बसविला, आणि त्या पैशांतून लोकांस चहा पिण्यास शिकविण्याची खटपट सुरू झाली. स्टेशनांवर पाट्या लागल्या, बाजारात फुकट चहा वाटला गेला, आणि गिरण्या, खाणी व कारखाने ह्यांत चहाची दुकाने लावण्यास उत्तेजन मिळाले. गिरणीच का? कारण ज्यास भुकेवर व थकव्यावर झटपट इलाज हवा असा माणूस तेथे हजारोंनी सापडे.

तो इलाज कसा चालतो तेही समजून घ्यावे. चहा-कॉफीत कॅफीन नावाचे द्रव्य असते. आपण श्रम करतो तसतसे शरीरात एक द्रव्य साठत जाते व ते मेंदूस वर्दी देते की, आता थकलास, थांब. कॅफीन त्या वर्दीची वाट अडवून धरते. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी थांबते. दारात सावकार आला म्हणजे पोराकरवी 'बाबा घरी नाहीत' असे सांगण्यासारखेच हे. सावकार परत जातो, कर्ज जात नाही. ते व्याजासह संध्याकाळी येते. अंग दुखते, डोके भणभणते, आणि पुन्हा एक कप लागतो. त्यात पडते ती साखर. दर कपास दोन चमचे धरली तरी चार कपांची आठ चमचे होते. भाकरीने भरावयाचे पोट असे गोड पाण्याने फसविले जाते.

त्या गिरण्यांत कोण होते? आमच्याच जिल्ह्याची माणसे होती. हर्णै, बाणकोट ह्या बंदरांतून आगबोटीत बसून रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांस पिढ्यान् पिढ्या माणसे पुरविली. त्या माणसांस अंधार असता कामावर जावे लागे आणि अंधार पडल्यावर सुटका होई. आठवड्याची सुटी नव्हती, दुपारी धड घास गिळण्यास वेळ नव्हता. तेव्हा सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांस गोळा करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीही होती. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्यात दुपारचा अर्धा तास आला. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्याने लिहून ठेविले की, पाच तास काम झाल्यावर निदान अर्धा तास विसावा दिल्यावाचून कामगारास पुढे राबवू नये. वाचकहो, हा अर्धा तास कोणा मालकाने दया येऊन दिलेला नाही. आमच्या माणसांनी सभा भरवून, अर्ज करून, नोकरीवर पाणी सोडून तो मिळविला आहे.

आणि तोच अर्धा तास आज आम्ही एका कागदी पेल्यावर परत देऊन टाकीत आहो, हे आमचे म्हणणे आहे.

आंब्याच्या हंगामात कोणत्याही मोठ्या बागेत जाऊन पाहा. पहाटे काम सुरू होते. गडी झेला घेऊन झाडावर, बाया खाली आंबे वेचून निवडीत, पेट्या भरीत. नऊदहा वाजता किटली येते. मालक किंवा त्याचा मुकादम म्हणतो, "चहा घ्या आणि लागा कामाला." झाडावरचा गडी फांदीवरूनच पेला घेतो. खालची बाई एका हाताने पेटीत गवत भरता भरता दुसऱ्या हाताने चहा संपविते. पाच मिनिटांत किटली परत जाते. मालक मनात म्हणतो, मी मजुरांस चहा देतो, केवढा मी दयाळू! मजूर मनात म्हणतो, मालक चहा तरी देतो, बरा आहे. दहा रुपयांच्या चहात अर्ध्या तासाची विश्रांती विकत घेतली गेली, हे दोघांपैकी एकासही दिसत नाही. सगळेच मालक असे आहेत असे आम्ही म्हणत नाही. मजुराबरोबर बसून भाकरी खाणारा बागाईतदारही आहे, आणि आमच्यातलाच चार कलमांचा धनी झालेला कुणबीही मजुरास उभ्याने चहा पाजतो. खोतीच्या दिवसांत आमचे आजे खोताच्या घरी वेठ करीत होते. बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधिमंडळात बिल आणले आणि पुढे १९४९ च्या कायद्याने खोती बुडाली. वेठीतून सुटलेल्या माणसाने आपल्या बागेत दुसऱ्यास वेठीसारखे राबवावे, ह्यास काय म्हणावे?

कोणी म्हणेल, गरजवंतास अक्कल नसते. खरे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ ह्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडाकडच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळ धरण्यास वर्षे जातात. ज्याची झाडे गेली त्यास मजुरीवाचून आधार नाही, आणि मजुरी पाहिजे असणारा माणूस विसाव्याचे भांडण काढीत नाही. म्हणूनच ही गोष्ट एकट्याची नव्हे, सगळ्यांनी मिळून बोलावयाची आहे.

आता घरात चला, कारण उभ्याने चहा पिण्याची खरी शाळा आपल्या चुलीपाशीच आहे. घरात सर्वांच्या आधी उठते कोण? बाई. चहा करते कोण? बाई. सासऱ्यास बशीत, नवऱ्यास कपात, पोरांस दूध घालून, असा सर्वांस चहा देऊन झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जो निवलेला, कडवट घोट राहतो तो ती चुलीपाशी उभ्याउभ्याच घशाखाली घालते. पुष्कळ घरांत तिची न्याहारी ती हीच. दूध उरले तर दुधाचा, नाही तर कोरा. मग पाणी, मग झाडलोट, मग बाग. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर बायकांत ५४ बायकांच्या अंगी रक्त कमी आढळले. अंगात रक्त कमी असण्याची कारणे अनेक आहेत, मुख्य कारण पुरेसे अन्न न मिळणे हेच. पण चहा त्यात भर घालतो. चहातला तुरट अंश अन्नातल्या लोहास धरून ठेवतो आणि अंगी लागू देत नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्यास भाजीभाकरीतले लोह अंगी लागण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले की, जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास चहाकॉफी घेऊ नये. मूठभर पालेभाजी खाऊन वर लगेच चहा ओतणे म्हणजे एका हाताने पेरणी करून दुसऱ्या हाताने कोंबडी सोडण्यासारखे आहे.

चहावर बोलू लागले की काही शहाणे काटकसरीचे व्याख्यान झोडतात. हिशेब त्यांचा चुकीचा नाही. एक कटिंग दहा रुपये धरली, दिवसास चार, तर रोजचे चाळीस होतात आणि वर्षाचे चौदा हजार सहाशे. घरात दोघे पिणारे असतील तर दुप्पट. हे पैसे गरिबास थोडे नव्हेत, हे आम्हीही सांगतो. पण हा हिशेब सांगणारा गृहस्थ स्वतः शहरात झाकण लावलेला कॉफीचा पेला हाती घेऊन मिरवीत असतो, आणि त्या एका पेल्यास आमच्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी लागते! त्याने आम्हांस काटकसर शिकवू नये. शिवाय त्याचीही गत फारशी वेगळी नाही. त्याची कॉफीही चालताचालता, गाडी हाकताना, कचेरीच्या दारात संपते. आमचे गावाकडचे पोर मुंबईस जाऊन कोणाच्या तरी घरी पार्सले पोचविते, तेही दोन पार्सलांच्या मध्ये दुचाकीवर बसूनच चहा घशात ओतते. ज्या मुंबईत लोखंड्यांनी अर्धा तास मिळविला, त्या मुंबईत हे चालले आहे. पैशाचा प्रश्न आहेच. पण त्याआधी वेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आहे.

एक गोष्ट कागदी पेल्याची राहिली. कागद म्हणून आपण तो निर्धास्त ओठास लावतो. पण नुसत्या कागदात गरम चहा टिकेल काय? त्यास आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी २०२० साली तपासून पाहिले. शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे अशा पेल्यात ठेवल्यास त्यात प्लास्टिकचे सुमारे पंचवीस हजार अतिसूक्ष्म कण उतरतात. आणि प्याल्यावर तो पेला जातो कोठे? गटारात, गटारातून खाडीत, खाडीतून समुद्रात. समुद्र कोणाचे काही ठेवीत नाही, भरतीबरोबर परत किनाऱ्यावर आणून टाकतो. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरते, दर्ग्याचा उरूस होतो. देवीचा भक्त व पिराचा भक्त एकाच टपरीवर चहा पितात हे पाहून आमची छाती फुगते, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचा पेल्यांचा खच पाहून मान खाली जाते.

पूर्वी चहा बशीत ओतून, फुंकून, फुर्र करून प्यावयाची चाल होती. शिकलेले लोक तिला हसत. पण बशी हातात घेतली की माणसास बसावे लागे, कारण चालताचालता बशीतून चहा पिणे कोणास साधत नाही. बशी गेली आणि बसणेही गेले.

तर मग करावयाचे काय? चहा सोडा असे आम्ही सांगणार नाही. सांगितले तरी कोणी ऐकणार नाही, आणि हे लिहितानाही आमच्या शेजारी कप आहेच. आमचे मागणे थोडे आहे.

पहाटेचा घोटभर चहा सुटत नसेल तर उठल्याबरोबर घ्यावा. पण घराबाहेर पाऊल पडण्याआधी पोटात पेज, आंबील किंवा भाकरीचा चतकोर गेलाच पाहिजे. नाचणी गरिबाचे धान्य म्हणून आपण तिला हिणवितो. पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढे तांदळात किंवा गव्हात नाही. शहरातले श्रीमंत आता वैद्याच्या सल्ल्याने तीच नाचणी शोधीत फिरतात. आणि ही न्याहारी घरातल्या बाईनेही सर्वांबरोबर बसून करावी. तिचा कप भरून तिच्या हाती देण्याचे काम घरातल्या कर्त्या पुरुषाने आठ दिवस तरी करून पाहावे. त्याने मिशी खाली येत नाही.

कामावर जाताना पिशवीत आपला पेला असावा, स्टीलचा, कान असलेला. टपरीवाल्या भावानेही चार काचेचे पेले व स्वच्छ पाण्याची बादली ठेवावी. एकाने प्यालेला पेला धुऊन दुसऱ्याने प्यावा, ह्यासाठीच तर आपली माणसे लढली. टपरीपुढे एक बाक टाकावा. गिऱ्हाईक दोन मिनिटे अधिक बसले तर टपरीवाल्याचे नुकसान होत नाही, उलट बसलेला माणूस चार गोष्टी बोलतो. गावची निम्मी खबर व निम्मी चळवळ चहाच्या बाकावरच जन्मास येते.

रोजाची बोली करताना गड्यांनी व बायांनी मिळून एक वाक्य आधीच बोलून ठेवावे: न्याहारीस अर्धा तास, बसून. चहा मालक देवो वा न देवो. चहा हा पाहुणचार आहे, मजुरी नव्हे, आणि विसाव्याचा मोबदला तर मुळीच नव्हे. एकट्याने बोलल्यास दुसऱ्या दिवशी कामास बोलावणे येणार नाही. वाडीतल्या सगळ्यांनी एका तोंडाने सांगितल्यास हंगामात मालकासही आंबा झाडावर पिकत ठेवता येत नाही.

आणि शेवटची सूचना महिलांच्या बचत गटांस. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' नावाचे केंद्र काढले. ओझी वाहणाऱ्या माणसास स्वस्तात भाजीभाकरी मिळावी, एवढाच हेतू. दुसऱ्याच्या दयेवर नव्हे, कष्टकऱ्यांच्याच संस्थेने ते चालविले. केळशीच्या थांब्यावर पहाटे एका टोपात गरम पेज, एका टोपलीत नाचणीची भाकरी व सोबतीस सुक्या मासळीची किंवा खोबऱ्याची चटणी, एवढे घेऊन चार बाया बसल्या तर? शेजारी चहावाला राहू द्यावा, त्याच्याशी आपले वैर नाही. खाणारास अन्न मिळेल, बायांस चार पैसे मिळतील, आणि आमची नाचणी गावातच खपेल. त्यास फार मोठे भांडवल लागत नाही. टोप लागतो, चूल लागते आणि बसावयास एक लांब बाक लागतो.

तो बाक आधी टाका. राजाने गंगारामाच्या दुकानापुढे गाडी थांबविली होती. आपल्यास गाडी नाही, पाय आहेत. ते अर्धा तास थांबले तर आंबा सडत नाही, होडी बुडत नाही, एस. टी. मात्र कदाचित एखादी चुकेल. पुढची येते.